सरकारला वेसण, समाजाला मोकळे रान
(अमेरिकेच्या पहिल्या काळातील स्वातंत्र्यविचाराचा अभ्यास)

संविधान दिनाच्या कार्यक्रमात एक वाक्य हमखास कानावर पडते. मूलभूत हक्क आपण अमेरिकेकडून घेतले, संसदीय पद्धत इंग्लंडकडून घेतली आणि मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडकडून. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही ते असेच छापलेले असते आणि आमचे विद्यार्थी ते पाठ करतात. एका गुणाच्या प्रश्नाला एवढे उत्तर पुरेसे आहे. परंतु ज्या समाजाचे सारे जीवनच या हक्कांवर उभे आहे, त्या समाजातील तरुणांनी अमेरिकेकडून नेमके काय घेतले, काय घेतले नाही आणि का घेतले नाही, हे पाहिले पाहिजे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तेथे राहिले. त्या देशाचा इतिहास त्यांनी जवळून अभ्यासला होता. त्यांच्या मागोमाग आपणही तो थोडा चाळावा, या हेतूने हा पाठ आम्ही लिहीत आहोत.

आरंभ कागदावरच्या शिक्क्यापासून करावा लागेल. १७६३ साली इंग्लंड व फ्रान्समधील सात वर्षांचे युद्ध संपले. इंग्लंडवर मोठे कर्ज झाले. ते फेडण्यास अमेरिकेतील १३ वसाहतींनीही हातभार लावावा म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १७६५ साली मुद्रांक कायदा केला. वर्तमानपत्र, पंचांग, दस्तऐवज, परवाने, एवढेच काय पत्त्यांचा जोडसुद्धा शिक्का मारलेल्या कागदावरच हवा, असा तो कायदा होता. रक्कम फार मोठी नव्हती. तरीही वसाहती पेटून उठल्या. त्यांचे म्हणणे असे की, पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी बसत नाही, तर आमच्या खिशात हात घालण्याचा अधिकार पार्लमेंटला दिला कोणी? पुढच्याच वर्षी कायदा मागे घेतला गेला. पण त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा ठराव करून सांगितले की, वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आमचा हक्क कायम आहे. भांडण मिटले नाही. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, ती कथा शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे.

कराच्या जोडीला दुसरीही एक तक्रार होती, तिच्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष कमी जाते. जकात अधिकाऱ्यांना सरसकट झडतीचे परवाने दिले जात. त्यावर कोणाचे नाव नसे, घराचा पत्ता नसे. अधिकाऱ्याला संशय आला की कोणत्याही घरात शिरावे, पेट्या फोडाव्यात. १७६१ साली बोस्टनच्या न्यायालयात जेम्स ओटिस या वकिलाने याविरुद्ध बाजू मांडली. तो खटला हरला. पण सरकारच्या हातालाही मर्यादा असावी, ही गोष्ट लोकांच्या मनात ठसली. ज्या वस्त्यांत पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावतात, त्या वस्त्यांतील माणसांना या तक्रारीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या सर्व असंतोषाला विचाराची बैठक पुस्तकांनी दिली. माणसाचे हक्क जन्मसिद्ध आहेत, ते राखण्यासाठी लोक सरकार निर्माण करतात आणि सरकारने विश्वासघात केला तर ते बदलू शकतात, हा इंग्लंडमधील जॉन लॉकचा विचार. सत्ता एका हाती एकवटली की स्वातंत्र्य संपते, म्हणून कायदा करणारे, तो राबविणारे आणि न्याय देणारे वेगवेगळे असावेत, हा फ्रान्समधील माँटेस्क्यूचा विचार. त्याचा ग्रंथ १७४८ चा. आणि सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत लिहिणारा थॉमस पेन. त्याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका जानेवारी १७७६ मध्ये निघाली आणि हातोहात खपली. याच पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक महात्मा जोतीराव फुले यांनी तरुणपणी, १८४७ च्या सुमारास वाचले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

पेनच्या ‘कॉमन सेन्स’मध्ये आरंभीच एक भेद केलेला आहे. त्याच्या मते समाज आणि सरकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. समाज आपल्या गरजांतून निर्माण होतो, तो माणसाला सुख देतो. सरकार आपल्या दुर्गुणांतून निर्माण होते, ते फार तर सोसावे लागणारे एक दुखणे आहे. म्हणून सरकार जितके लहान तितके बरे. अमेरिकेच्या साऱ्या आरंभीच्या राज्यविचाराचे बीज येथे आहे. लंडनच्या राजाशी झगडणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्याला व शेतकऱ्याला ते पटणे साहजिक होते. त्याला त्रास राजाकडून होता, शेजाऱ्याकडून नव्हता. पण आमच्यासारखा वाचक येथे थांबतो. ज्याला पाणवठ्यावरून, देवळाच्या पायरीवरून, शाळेच्या वर्गातून शेजाऱ्यानेच हाकलले, त्याने समाजाला सुखदाता कसे म्हणावे? हा प्रश्न मनात ठेवूनच पुढचा इतिहास वाचावा.

४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. मसुदा थॉमस जेफर्सनचा. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत; जीवन, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे त्यांचे हिरावून न घेता येणारे हक्क आहेत; सरकारची सत्ता न्याय्य ठरते ती शासितांच्या संमतीने, असा त्याचा आशय. जेफर्सनच्या मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देणारा एक परिच्छेद होता. तो काँग्रेसने काढून टाकला. आणि स्वतः जेफर्सन? आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे त्याच्या मालकीची होती. हयातीत त्याने त्यांतील दोघांना मुक्त केले, मृत्युपत्राने आणखी पाच जणांना. १७९१ साली बेंजामिन बॅनेकर या कृष्णवर्णीय गणिती व पंचांगकर्त्याने जेफर्सनला पत्र पाठवून त्याच्याच जाहीरनाम्यातील शब्द त्याच्यापुढे ठेवले आणि विचारले की, हे शब्द आमच्या बांधवांना का लागू नाहीत? जेफर्सनने सभ्यपणे उत्तर दिले. गुलाम मात्र तसेच राहिले.

म्हणून ते शब्द खोटे होते काय? आम्हाला तसे वाटत नाही. याचे कारण एका निरक्षर स्त्रीची हकीकत होय.

मॅसॅच्युसेट्समधील शेफिल्ड गावी कर्नल जॉन ॲशली नावाचा मातब्बर जमीनदार होता. १७७३ साली गावकऱ्यांनी इंग्लंडच्या जुलमाविरुद्ध ठराव केला, त्याचा मसुदा याच्याच घरात तयार झाला. माणसे समान व स्वतंत्र आहेत, असे त्यात लिहिले होते. त्याच घरात बेट नावाची गुलाम स्त्री राबत होती. मालकिणीने एकदा दुसऱ्या मुलीवर तापलेले फावडे उगारले, ते बेटने आपल्या हातावर झेलले, आणि त्याचा वण ती जन्मभर लोकांना दाखवीत असे, अशी आठवण सांगितली जाते. पुढे १७८० साली मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना झाली. तिच्या पहिल्याच कलमात सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान असल्याचे म्हटले होते. बेटला वाचता येत नव्हते. पण कान होते. तिने थिओडोर सेजविक या वकिलाला गाठले आणि विचारले की, हा कायदा मला का लागू नाही? ब्रॉम नावाच्या दुसऱ्या गुलामासह तिचा दावा दाखल झाला. ऑगस्ट १७८१ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की, हे दोघे ॲशलीचे गुलाम नाहीत. ३० शिलिंग नुकसानभरपाईही मिळाली. बेटने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले, म्हणजे आडनावच ‘स्वतंत्र मनुष्य’ असे केले. पुढे ॲशलीने पगारावर परत ये म्हटले, ती गेली नाही. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदला गेला नाही. मालकांनी आपल्यापुरते लिहिलेले शब्द, ज्यांना त्यातून वगळले होते त्यांनीच उचलून खरे केले. घटनेच्या अभ्यासकाने ही गोष्ट विसरू नये.

युद्ध संपले, राज्य आले. पण राजाच्या भीतीने होरपळलेल्या या लोकांनी पहिले मध्यवर्ती सरकार इतके दुबळे केले की त्याला कर बसविण्याचाही अधिकार नव्हता. १३ राज्यांपुढे हात पसरायचा आणि मिळेल ते घ्यायचे. १७८६-८७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा मध्यवर्ती सरकार हात बांधून बसले होते. मग १७८७ च्या मे ते सप्टेंबर या काळात फिलाडेल्फियाला ५५ प्रतिनिधी जमले. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. खिडक्या-दारे बंद, कामकाज गुप्त. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या.

या घटनेची मुख्य कल्पना जेम्स मॅडिसनने पुढे ‘फेडरलिस्ट’ लेखांत उलगडून सांगितली. (हे ८५ लेख हॅमिल्टन, मॅडिसन व जे या तिघांनी एकाच टोपणनावाने लिहिले.) मॅडिसनचे म्हणणे थोडक्यात असे : राज्यकर्ते साधू असतील असे गृहीत धरू नका. प्रत्येकाला सत्तेची हाव असते, तर एकाची हाव दुसऱ्याच्या हावेने अडवा. म्हणून कायदेमंडळाची दोन सभागृहे. एकाची मुदत २ वर्षे, दुसऱ्याची ६. राष्ट्राध्यक्ष ४ वर्षांसाठी. त्याला कायदा नाकारता येतो, पण दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा संमत केला तर त्याचे चालत नाही. न्यायाधीश तहहयात, म्हणजे नोकरीच्या भीतीने निकाल द्यायला नको. शिवाय काँग्रेसने कशाकशावर कायदे करावेत याची यादीच घटनेत दिली. जे यादीत नाही ते केंद्राचे नाही. सरदारकीच्या पदव्या देण्यास बंदी घातली. आपल्या घटनेतील किताब बंद करणारे कलम १८ याच जातीचे आहे.

एवढे करूनही व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने सही केली नाही. नागरिकांच्या हक्कांची सनद यात कोठे आहे, असे त्याने विचारले. हॅमिल्टनचे उत्तर होते की, सरकारला तो अधिकार दिलेलाच नाही, मग करू नको म्हणून लिहायचे कशाला? लोकांना हे पटले नाही, आणि लोकांचेच बरोबर होते असे आमचे मत आहे. तोंडी विश्वासावर हक्क राहत नाहीत. व्हर्जिनियात घटना ८९ विरुद्ध ७९ मतांनी, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ मतांनी जेमतेम संमत झाली. अखेर मॅडिसननेच पुढाकार घेऊन दुरुस्त्या मांडल्या व १५ डिसेंबर १७९१ रोजी १० दुरुस्त्या अमलात आल्या. भाषण, मुद्रण, सभा व धर्म यांचे स्वातंत्र्य, विनावॉरंट झडतीपासून संरक्षण, ज्यूरीचा अधिकार. ओटिसची जुनी तक्रार येथे चौथ्या दुरुस्तीत जाऊन बसली. धर्माबाबत व्हर्जिनियाने आधीच, १७८६ साली, कायदा केला होता. तेथे परवान्याशिवाय प्रवचन केले म्हणून बॅप्टिस्ट पंथाच्या उपदेशकांना तुरुंगात टाकीत असत. कोणता धर्म मानावा वा सोडावा यात सरकारला बोलण्याचा अधिकार नाही, हे तत्त्व तेथून पुढे आले. धर्मांतरित समाजाला याचे महत्त्व सांगणे नलगे.

आता काळी बाजू. या घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही नव्हता. गुलामगिरी मात्र होती. प्रतिनिधींच्या जागा ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशोब धरला. मत गुलामाला नाही. पण त्याच्या डोक्यामुळे मालकाच्या राज्याला जागा जास्त. गुलामांचा बाहेरून होणारा व्यापार १८०८ पर्यंत काँग्रेसने बंद करू नये, असे बंधन घातले. पळालेला गुलाम परत दिला पाहिजे, असे कलम घातले. १७९० साली देशाची लोकसंख्या ३९ लाखांवर होती आणि त्यांत जवळजवळ ७ लाख गुलाम होते. सरकारला ज्यांनी एवढी वेसण घातली, त्यांनी मालकाच्या चाबकाला कसलीच घातली नाही. स्त्रियांचीही तीच कथा. ॲबिगेल ॲडम्सने मार्च १७७६ मध्ये पतीला पत्र लिहून बजावले होते की, नव्या कायद्यांत स्त्रियांचा विसर पडू देऊ नका. पतीने ते थट्टेवारी नेले. स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० उजाडले.

हक्कांच्या सनदेची परीक्षा लवकरच झाली. १७९८ साली फ्रान्सशी युद्धाचे ढग जमले असता अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या पक्षाने राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस वा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे व द्वेषमूलक लिहिल्यास २ वर्षे कैद व २,००० डॉलर दंड. गंमत अशी की, या यादीत उपाध्यक्षाचे नाव नव्हते. कारण तेव्हा उपाध्यक्ष होता विरोधी पक्षाचा जेफर्सन! त्याला वाटेल तेवढ्या शिव्या द्यायला मोकळीक. व्हर्माँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन याला अध्यक्षांवर टीका केल्याबद्दल ४ महिने कैद व १,००० डॉलर दंड झाला. त्याच्या मतदारांनी काय केले? तो तुरुंगात असतानाच त्याला पुन्हा निवडून दिले. कोणत्याही न्यायालयाने हा कायदा रद्द केला नाही. १८०० च्या निवडणुकीत सत्ता पालटली, मार्च १८०१ मध्ये कायद्याची मुदत संपली आणि जेफर्सनने शिक्षा झालेल्यांना माफी दिली. आपल्याकडे १८७० साली आलेल्या १२४-अ कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ व १९०८ साली शिक्षा झाली, हे आठवले म्हणजे सरकारला वेसण का हवी ते पटते. या बाबतीत अमेरिकेच्या पूर्वजांचे आपण ऋणी आहोत, यात शंका नाही.

परंतु याच राजद्रोह कायद्याविरुद्ध जेफर्सनने केंटकी राज्यासाठी गुप्तपणे एक ठराव लिहून दिला होता. केंद्राने मर्यादा ओलांडली तर राज्याने तो कायदा मानू नये, असे त्याचे सूत्र. हेतू चांगला होता. पुढे तीसच वर्षांनी दक्षिण कॅरोलायनाच्या कॅल्हूनने हेच शस्त्र उचलले आणि अखेर गुलामांचे मालक त्याच्या आड दडले. ‘आमच्या राज्यात केंद्राने ढवळाढवळ करू नये’, याचा अर्थ ‘आमच्या गुलामांना हात लावू नये’ असा झाला. आणि यांची निष्ठा तरी खरी होती काय? १८५० साली पळालेले गुलाम पकडण्यासाठी कडक केंद्रीय कायदा याच लोकांनी मागून घेतला. उत्तरेतील राज्यांनी त्यात आडकाठी आणली, तेव्हा केंद्राचा लांब हात यांना गोड वाटला! मर्यादित सरकार हे तत्त्व ऐकताना मर्यादा कोणाच्या सोयीची, हे विचारण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

गुलामगिरी गेली ती यादवी युद्धानंतर, १८६५ च्या १३ व्या दुरुस्तीने. त्या मुक्तीचा आनंद फुल्यांना इतका झाला की १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सद्गृहस्थांना अर्पण केला. मात्र १८८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, १८६८ ची १४ वी दुरुस्ती फक्त सरकारला बांधते. खाणावळवाल्याने, नाटकगृहवाल्याने वा आगगाडीच्या कंपनीने काळ्या माणसाला मज्जाव केला तर तो खाजगी मामला आहे. पेनचा जुना भेद न्यायालयात पुन्हा अवतरला. तो दुरुस्त व्हायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला.

आता महाडकडे पाहा. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सरकारची आडकाठी कोठेच नव्हती. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी कोणी पिऊ शकले नाही, आणि प्यायले त्या दिवशी डोकी फुटली. तेथे जुलूम करणारा राजा नव्हता. गाव होते.

बाबासाहेबांनी हा धडा घटनेत उतरविला. मार्च १९४७ मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यात देशाचे नाव ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’ असे सुचविले होते, म्हणजे अमेरिका त्यांच्या डोळ्यांपुढे होतीच. पण त्यातच त्यांनी विचारले आहे की, सरकारने दूर राहावे म्हणता, मग ते स्वातंत्र्य कोणाचे? त्यांचा युक्तिवाद असा की, सरकार हटले की जमीनदाराला खंड वाढविण्याचे व कारखानदाराला मजुरी कमी करण्याचे स्वातंत्र्य मिळते. उपाशी माणसाला त्यातून काही मिळत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात त्यांनी अमेरिकन व भारतीय संघराज्यांची तुलना केली आणि गावाला घटनेचा पाया मानण्यास नकार दिला. स्थानिक स्वातंत्र्याच्या नावाखाली दक्षिणेच्या मळेवाल्यांनी काय केले, हे वाचल्यावर तो नकार अधिक स्पष्ट कळतो.

म्हणून आपल्या मूलभूत हक्कांत दोन प्रकारची कलमे शेजारी-शेजारी आहेत. कलम १९, २०, २१, २२ ही सरकारला आवरतात; हा अमेरिकेचा वारसा. कलम १५(२) मात्र दुकानदाराला, हॉटेलवाल्याला, विहिरीवर उभ्या असलेल्या गावकऱ्याला आवरते. कलम १७ अस्पृश्यता पाळणाऱ्या प्रत्येकाला गुन्हेगार ठरविते. कलम २३ वेठबिगार घेणाऱ्याला. ही कलमे सरकारला मागे हटायला नव्हे, पुढे यायला सांगतात. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा यांचे मूळ येथे आहे.

भगवान बुद्धांच्या संघातही नियम सर्वांना सारखे होते आणि ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांची पद्धत होती, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात करून दिली. पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले, तेव्हा त्यांच्याच विनंतीवरून उपाली नाभिकाला प्रथम दीक्षा दिली गेली. मागून आलेल्या राजपुत्रांनी त्याला वंदन करावे म्हणून. अमेरिकेच्या ५५ प्रतिनिधींच्या बंद दालनात उपालीला बोलावण्याची कल्पना कोणालाही सुचली नाही.

अभ्यासवर्गात वादासाठी एक प्रश्न देतो. अमेरिकेची पहिली दुरुस्ती सरकारला सांगते की भाषणस्वातंत्र्याला हात लावू नको. आपली पहिली घटनादुरुस्ती १९५१ ची. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात राखीव जागांचा आदेश रद्द ठरला होता, म्हणून त्या दुरुस्तीने कलम १५(४) घातले आणि मागासवर्गीयांच्या शिक्षणाचे दार उघडे राहिले. त्याच दुरुस्तीने कलम १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणेही वाढविली. सरकारचा एकच हात, एका बाजूने उचलून घेणारा, दुसऱ्या बाजूने तोंडावर येणारा. विद्यार्थ्यांनी दोन गट करावेत, एकाने मॅडिसनची बाजू घ्यावी, दुसऱ्याने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ची, आणि घटनेची प्रत समोर ठेवून बोलावे.